मी गेली, ती गेली : दुभंगलेल्या मुलीची मराठी भयकादंबरी

मागच्या वर्षी नवरात्राच्या सुमारास अकरावीतली एक मुलगी माझ्याकडे पुस्तक मागायला आली. खापरखेड्यात वीज केंद्राच्या वसाहतीलगत माझ्या घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकांची चार कपाटे आहेत. वाचनालय म्हणावे इतका पसारा नाही. मुले येतात, वहीत नाव लिहितात, पुस्तक नेतात. नारायण धारपांची तीन पुस्तके तिने आधीच वाचून परत केली होती. ती म्हणाली, "काका, एकाच मुलीत दोघी राहतात, अशी कादंबरी आहे का तुमच्यापाशी? पण भूत नको. अन् शेवटी डॉक्टर येऊन सगळं समजावून सांगते, तसं पण नको."

मी म्हटले, शोधतो. त्या शोधात वर्ष गेले. माझे शिक्षण बारावीपर्यंतचे, इंग्रजी मी शब्दकोश उशाशी घेऊन शिकलो, आणि वाचन केले ते पाळीच्या नोकरीतून उरलेल्या वेळात. तेव्हा माझ्या नजरेतून काही सुटले असेल, हे आधीच मान्य करतो. पण तिला हवी होती तशी मराठी किशोर-कादंबरी माझ्या हाती लागली नाही. ती का लागली नसावी, याचा हा हिशेब आहे.

त्या मुलीने नकळत दोन दारे बंद केली होती. मराठी गोष्टीत दुभंगलेला माणूस बहुधा याच दोन दारांतून बाहेर काढला जातो. एक भुताचे दार : जे काही आत आहे ते बाहेरून आले, त्याला नाव आहे, आणि नाव कळले की ते घालवता येते. दुसरे निदानाचे : शेवटच्या प्रकरणात कोणीतरी शहाणा माणूस येतो, आजाराचे नाव सांगतो, आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. आपल्याकडे आणखी एक तिसरे दारही आहे, लबाडीचे. आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' 1962 साली रंगभूमीवर आले. प्रभाकर पणशीकरांनी एकाच नाटकात निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे आणि इतर सोंगे उभी केली. एका देहात अनेक माणसे पाहण्याचा मराठी प्रेक्षकाचा हा सर्वांत आवडता अनुभव, आणि तिथे हसू येते, कारण आत एकच लबाड आहे याची आपल्याला पुरती खात्री असते. 'तो मी नव्हे' हे वाक्य एखाद्या मुलाने खरोखर, घाबरून म्हटले तर काय, हा प्रश्न त्या नाटकाचा नाही. आपल्या साहित्यात तो फारसा कोणाचाच झाला नाही.

धारपांवर (1925–2008) माझा राग नाही. माझी शाळेची शेवटची वर्षे त्यांच्यावरच गेली. वीज गेलेल्या रात्री कंदिलाजवळ वाचलेले 'समर्थ' अजून आठवतात. पण त्यांच्या भयाची घडण पाहिली तर संकट बहुतेक वेळा उंबरठ्याबाहेर उभे असते. 'लुचाई' घ्या. स्टीफन किंगच्या 1975 च्या 'सालेम्स लॉट'वर ती बेतलेली. गावातल्या जुन्या वाड्यात काहीतरी राहायला येते आणि एकेक घर त्याच्या ताब्यात जाते. तिथे भीतीचा प्रश्न 'बाहेर कोण आहे?' असा असतो. दुभंगाच्या कादंबरीचा प्रश्न वेगळा आहे : 'आत्ता बोललं ते कोण?' पहिल्या प्रश्नाला समर्थ लागतात. दुसऱ्यापुढे समर्थही काय करणार?

रत्नाकर मतकरींची (1938–2020) गोष्ट मला जास्त चुटपुट लावते. 'गूढकथा' हा शब्द त्यांनी मराठीत प्रतिष्ठित केला, आणि भय माणसाच्या मनात शोधले. 'गहिरे पाणी' पुस्तकातून आणि पुढे छोट्या पडद्यावरूनही घराघरांत गेले. हाच लेखक 1962 पासून मुलांसाठी 'बालनाट्य' संस्था चालवत होता, 'अलबत्या गलबत्या' लिहीत होता. एका हाताने मोठ्यांचे काळोख, दुसऱ्या हाताने लहानांची चेटकीण. मधल्या वयाच्या मुलीसाठी, जी चेटकिणीला हसते आणि आरशाला घाबरते, या दोन खोल्यांमधली भिंत फोडणारी कादंबरी मात्र त्यांच्याकडूनही मला मिळाली नाही. इतरांकडून तर अपेक्षाच नव्हती. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून कुठेही जाईल, पण स्वतःविषयी त्याला कधी शंका येत नाही. बालभारतीच्या 'किशोर'ने 1971 पासून महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना वाचायला शिकवले, त्यात मीही आलो. तिथला किशोर शूर, जिज्ञासू, क्वचित खोडकर. तो दोन असू शकतो, हे आपण त्याच्यापासून लपवून ठेवले.

बाहेर काय आहे तेही पाहिले. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड यांची गोष्ट 1886 ची. मराठीत तिचे सार सगळ्यांना माहीत असते : औषध पिऊन सज्जनाचा दुर्जन होतो. पण मूळ पुस्तकाचा खरा काटा शेवटच्या प्रकरणात आहे. तिथे जेकिल स्वतः लिहितो, आणि हाइडने केलेले सांगताना 'मी' लिहावे की 'तो', हे त्याला ठरवता येत नाही. सगळे भय त्या एका सर्वनामात आहे. सिनेमावाल्यांनी त्या जागी केस आणि सुळे लावले.

शर्ली जॅक्सनच्या 'द बर्ड्स नेस्ट' (1954) मध्ये एका तरुण, एकलकोंड्या मुलीत चौघी राहतात. पुस्तक विलक्षण आहे, पण त्यातला बराच भाग डॉक्टर सांगतो, तोही स्वतःवर खूश असलेला. जॅक्सनबाई त्याची टर उडवतात हे मला उशिरा कळले. किंगची 'कॅरी' 1974 ची, शाळेतल्या मुलीची. तिच्यात दुभंग नाही, पण तिची रचना मला इथे महत्त्वाची वाटते. कॅरीची कितीतरी कथा चौकशी आयोग, वर्तमानपत्रे, संशोधकांची पुस्तके सांगतात. मुलगी मध्ये, आणि भोवती कागद. तिच्याविषयी सगळे बोलतात, तिचे आतले बोलणे मात्र तुकड्यातुकड्याने ऐकू येते.

त्याच 1974 साली आमच्या नागपुरात एक प्रकरण सुरू झाले. विदर्भातल्या जुन्या माणसांना ते 'शारदा' या नावाने आठवत असेल. तिशीतली, उच्चशिक्षित, अविवाहित मराठी स्त्री अधूनमधून दुसरीच कोणी होऊ लागली. ही दुसरी स्वतःला शारदा म्हणवी, बंगाली बोले, मराठी तिला कळत नसे. आगगाडी, वीज असल्या गोष्टी तिच्या ओळखीच्या नव्हत्या. आपण सर्पदंशाने मेलो, असे ती सांगे, आणि तिचा काळ जुळवला तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा निघे. कधी ही अवस्था एखाददोन दिवस टिके, कधी कित्येक आठवडे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन आणि सतवंत पसरिचा यांनी तिचा अभ्यास केला. स्टीव्हन्सन यांच्या 1984 च्या 'अनलर्न्ड लँग्वेज' या पुस्तकात हे प्रकरण विस्ताराने आहे. पुढे वि. वि. अकोलकर यांनीही 1992 मध्ये आपला स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. (दोन्ही दुभंगांच्या मुळाशी स्टीव्हन्सनच, हा निव्वळ योगायोग. मला तो वाचताना गंमत वाटली, एवढेच.) त्या बाईंचे नाव छापील साहित्यात आहे, पण त्या काही सार्वजनिक व्यक्ती नव्हेत, म्हणून मी ते लिहीत नाही.

हा पुनर्जन्म होता की नव्हता, हा वाद मी इथे घेत नाही. माझे मत विचाराल तर नव्हता. त्या बाईंना बंगालची आणि बंगाली साहित्याची आधीपासून ओढ होती, आणि महाराष्ट्राच्या दोन पिढ्या मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या शरच्चंद्रांवर वाढल्या आहेत. आपल्या कितीजणींच्या आत एक बंगाली सून कुंकू लावून बसली असेल, कोण जाणे. मला वेगळे काही सांगायचे आहे. हे अहवाल मी कादंबरी वाचावी तसे वाचले. त्यात भाषातज्ज्ञ आहेत, वंशावळ आहे, तिथी आहेत, साक्षीदारांच्या मुलाखती आहेत. शारदा कोण, याच्यावर पानेच्या पाने. शारदा असताना ती दुसरी, मराठी बाई कुठे होती? एका अवस्थेतले दुसरीला आठवत नसे, असे म्हणून अहवाल पुढे जातात. 'कॅरी'सारखेच : भोवती कागद, मध्ये शांतता. आणि या शांततेतून एकही मराठी कादंबरीकार आत गेलेला माझ्या पाहण्यात नाही. न्यूयॉर्कच्या अशाच एका स्त्रीवरचे 'सिबिल' हे पुस्तक 1973 मध्ये आले आणि अमेरिकेत असली निदाने भराभर वाढली. पुढे 2011 मध्ये डेबी नेथन यांनी त्या पुस्तकाच्या खरेपणावरच बोट ठेवले. तिकडे पुस्तकाने रुग्ण घडवले म्हणतात. इकडे खुद्द नागपुरात माणूस होते, पुस्तक घडले नाही.

याचे एक कारण आपल्या भाषेत आहे, असे मला वाटते. आपल्याकडे दुभंग हा शब्द नंतर आला, 'अंगात येणे' आधीपासून होते. या क्रियापदाची घडण पाहा : येणारी देवी कर्ता, बाईचे अंग ही नुसती जागा. कोराडीची जगदंबा सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि रात्री वृद्धा दिसते, असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. तिच्या तीन रूपांची कोणाला भीती वाटत नाही, कारण तिथे एकात तीन असणे हे ऐश्वर्य आहे. मानसोपचारवाल्यांनाही ही गाठ सुटलेली नाही. वर्मा, बौरी आणि विग यांनी 1981 सालीच मांडले होते की बहुव्यक्तिमत्त्वाच्या नोंदी भारतात फार विरळ, आणि अंगात येण्याच्या मात्र पुष्कळ. अमेरिकन निदानपुस्तिकेच्या 2013 च्या आवृत्तीने शेवटी मान्य केले की जिला ते विभाजित ओळख म्हणतात, तिचे वर्णन काही संस्कृतींत झपाटणे म्हणूनही होते. व्हिडा स्कल्टन्स यांनी 1987 मध्ये महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिराविषयी लिहिले. आजारी माणूस घेऊन आलेल्या घरातल्या बायका तिथे स्वतःच अंगात घेतात, म्हणजे त्याचे दुखणे आपल्यावर ओढून घेतात, हे त्यांचे निरीक्षण वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

मिटून ठेवले, कारण घरची गोष्ट आठवली. थोरल्या बहिणीला विचारूनच ती इथे लिहितो आहे.

1983 साली ताई सतरा वर्षांची होती. सांजवेळी तिचा आवाज बदले. आमच्या बाबांना ती जन्मात कधी 'तुम्ही'शिवाय बोलली नाही, पण त्या वेळी 'अबे' म्हणून त्यांचे नाव घेई आणि हिशेब मागे : कोणाला काय दिले, तिला शाळेतून का काढले. आधी भगत झाला. मग वाकीला ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यावर नेले. बाबांना 1892 मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते, आणि 1908 मध्ये रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना सन्मानाने बाहेर आणले. एकच माणूस एका कागदावर वेडा आणि लोकांच्या तोंडी अवलिया. आमच्या आईला हे ठाऊक होते, म्हणून तिचा तिथे जास्त विश्वास. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी 'हिस्टेरिया' असे चिठ्ठीवर लिहिले, गोळ्या दिल्या आणि लग्न करून टाका म्हणाले. भगताने, दर्ग्यातल्या लोकांनी, डॉक्टरांनी, आम्ही सगळ्यांनी एकच विचारले : हिच्यात येते कोण? ही तेव्हा जाते कुठे, हे कोणीही विचारले नाही.

एक रात्र मला स्पष्ट आठवते. मी आईजवळ झोपलो होतो. ताई पलीकडच्या खाटेवर होती, आणि अंधारात हळूच म्हणाली, "चाल, आता आपण झोपू." आईला वाटले, आपल्यालाच म्हणाली, ती म्हणाली, "हो बाई, झोप." मला मात्र दिसत होते की ताईचे तोंड भिंतीकडे होते.

दीड वर्षाने ते आपोआप थांबले. ताई आज आजी आहे. मागच्या हिवाळ्यात, त्या मुलीचा प्रश्न डोक्यात घोळत असताना, मी चाळीस वर्षांनी तिला विचारले : तेव्हा तू कुठे असायचीस? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "कुठं जाते? तिथंच बसली राहत होती. ती बोलत होती, मी आयकत होती."

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहिले तेव्हा माझ्या लक्षात आले की मी ज्याच्या शोधात होतो ते इथेच आहे. पुस्तकी मराठीत बाई 'मी ऐकत होते' म्हणते. 'ऐकत होती' ती दुसरी. 'मी गेले, ती गेली' : मात्रा आणि वेलांटीने 'मी' आणि 'ती' वेगळ्या राहतात. आमच्या नागपुरी बोलीत हा बांध नाही. इथली बाई 'मी गेली' म्हणते आणि 'ती गेली'ही म्हणते. सर्वनाम गाळले, आणि बोलताना ते आपण सर्रास गाळतो, तर गेली कोण, हे कळायला मार्ग उरत नाही. 'रात्री उठली. मागच्या दारी गेली. विहिरीत वाकून पाहिलं.' ही तीन वाक्ये आमच्या बोलीत वाचा. उठली ती मी की ती? ज्या सर्वनामासाठी जेकिलला आख्खे प्रकरण झगडावे लागले, ते इथे क्रियापदात आयते विरघळलेले आहे.

आणि 'आपण'. इंग्रजीत एकच 'वुई'. मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की आत येतो. दुभंगलेल्या मुलीची कादंबरी पहिल्या भागात 'ती'ने चालेल, मध्ये कुठेतरी 'आम्ही' येईल, म्हणजे आम्ही दोघी आणि घरचे सगळे बाहेर. मग एखाद्या पानावर निवेदनात 'आपण' येईल आणि वाचणाऱ्या मुलीला क्षणभर कळणार नाही की हे आतल्या दुसरीला म्हटले की आपल्याला. माझ्या आईचे तेच झाले होते. अख्ख्या धारपांत त्या एका 'आपण'इतकी मला कशाची भीती वाटलेली नाही, आणि तिथे ना भूत होते ना रक्त.

अशी कादंबरी कोणी लिहिलीच, तर माझी दोन गाऱ्हाणी आधीच नोंदवून ठेवतो. पहिले, दुसरीला खुनी करू नका. रॉबर्ट ब्लॉकच्या 'सायको'पासून (1959), आणि पुढच्याच वर्षीच्या हिचकॉकच्या चित्रपटापासून, दुभंग म्हणजे सुरी असे जगाला वाटू लागले. माझ्या ताईतली 'ती' फक्त हिशेब मागत होती, आणि तो खरा होता. शाळेतून तिला काढलेच होते. भय त्या हिशेबाचे आहे. दुसरे, शब्दांची गल्लत करू नका. स्किझोफ्रेनिया हा शब्द ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये बनवला तो फाटणे आणि मन या ग्रीक शब्दांवरून. आपण त्याचे 'छिन्नमनस्कता' केले, आणि तेव्हापासून तो आजार म्हणजे एकात दोन माणसे, असा समज पक्का झाला. तो आजार वेगळा. 'देवराई' (2004) चित्रपटात सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो फार जबाबदारीने दाखवला. तिथला शेष विचारांच्या गुंत्यात हरवतो. त्याच्यात दुसरा कोणी राहायला येत नाही. त्या चित्रपटातही सांभाळणारी बहीण आपल्याला जवळची वाटते, हे ओघात सांगतो.

मुलांना असे काळोखे वाचायला द्यावे का, असे माझे एक शिक्षक मित्र विचारतात. त्यांची काळजी खोटी नाही. पण ती मुलगी पुस्तक मागायला आली तेव्हा काळोख तिने कुठून तरी आधीच आणलेला होता. ती घरी एक बोली बोलते, वर्गात दुसरी, फोनवर तिसऱ्याच नावाने असते. कोणासारखी तरी आपली अवस्था आहे का, एवढेच ती कपाटात शोधत होती. मी तिला तेव्हा काय दिले? मतकरींच्या कथा दिल्या. तिने आठवड्यात परत केल्या आणि म्हणाली, "चांगल्या आहेत. पण ही ती नाही."

या उन्हाळ्यात ती पुन्हा आली, स्वतः लिहिलेली गोष्ट घेऊन. नऊ पाने. शाळेच्या स्पर्धेला दिलेली आणि परत आलेली. वसाहतीतली मुलगी, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली राख, आणि रोज सकाळी त्या राखेत दोन जोड्यांचे पावलांचे ठसे, दोन्ही एकाच मापाचे. शेवट तिला जमलेला नाही, घाईत गुंडाळला आहे. पण मधली चार पाने मी दोनदा वाचली. सगळी गोष्ट 'मी गेली', 'मी पाहत होती' अशी, आणि तपासणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी लाल शाईने वेलांटी खोडून मात्रा दिलेली. मी मोजले, एकतीस ठिकाणी.

तिला म्हटले, गोष्टीत एकही वेलांटी बदलू नकोस. परीक्षेच्या पेपरात मात्र 'गेले' लिही, नाहीतर गुण जातील. ती हसली आणि नऊ पाने माझ्याकडेच ठेवून गेली. कपाटात त्यांच्यासाठी वेगळा कप्पा नाही, म्हणून मी ती तूर्त धारपांच्या शेजारी उभी केली आहेत.